शेती शिकायला शाळेत कशाला जायचं?

या भागाचा ऑडिओ ज्यांनी ऐकलाय त्यांना सुरुवात माहीत आहे. जे फक्त वाचतायत त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो.

मागच्या आठवड्यात आपल्या नंबरवर एक व्हॉइस नोट आली. किन्हीराजाहून. पोरगा दहावीत आहे. मागे ट्रॅक्टरचा आवाज, मध्येच कुणीतरी त्याला हाक मारतंय. म्हणणं थोडक्यात असं की दादा, मला ॲग्रीला जायचंय, पण बाबा म्हणतात शेती शिकायला शाळेत कशाला जायचं, ती तर धुऱ्यावर उभं राहिलं तरी येते. आणि शाळेत जायचंच असेल तर मग शेतीच का शिकायची, दुसरं काही शीक.

मी ती नोट तीनदा ऐकली. कारण बाबांनी एका दमात दोन वेगवेगळे प्रश्न विचारलेत, आणि हे दोन प्रश्न महाराष्ट्रात जवळजवळ दीडशे वर्षं फिरतायत. फुल्यांनी त्यावर लिहिलं, इंग्रज साहेबांनी कमिशनं नेमली, गांधींनी वर्ध्यात परिषद घेतली. तरी प्रश्न तिथंच. म्हणून आजचा भाग करिअर गाइडन्सचा नाही, इतिहासाचा आहे. गाइडन्स शेवटी थोडासा आहे, पण उडी मारून तिकडे जाऊ नका.

आधी गाव. किन्हीराजा म्हणजे वाशिम जिल्हा, मालेगाव तालुका. (नाशिकवालं मालेगाव नव्हे. हे वाशिमकरांना आयुष्यभर सांगावं लागतं.) मालेगावहून शेलूबाजारकडे निघालं की लागतं. सोयाबीन, तूर, थोडी पराटी, ओलीत असेल तर हरभरा आणि गहू. आणि बरीचशी शेती वरच्या पाण्याच्या भरवशावर.

आता या भागाची गंमत बघा. गाव जागचं हललं नाही, पण वरचा कारभारी किती वेळा बदलला. आधी निजाम. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे. तेव्हा वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता, इंग्रज त्याला ‘बासिम’ म्हणायचे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, १९०५ मध्ये बासिम जिल्हा मोडला आणि हा भाग अकोला जिल्ह्यात गेला. १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र, आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वाशिम जिल्हा. म्हणजे किन्हीराजाच्या एखाद्या आजोबांनी घर न बदलता किती राज्यं पाहिली असतील! आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक कारभाऱ्याच्या काळात कुणीतरी उठून म्हटलंय की खेड्यातल्या शाळेत शेती शिकवली पाहिजे.

सुरुवात करूया १८८२ पासून. इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करायला हंटर कमिशन नेमलं होतं. महात्मा फुल्यांनी त्याच्यापुढे निवेदन दिलं. त्यातली प्राथमिक शिक्षणाची मागणी आपण शाळेत वाचलेली असते, पण एक बारीक गोष्ट सुटते. खेड्यातल्या मुलांना काय शिकवावं याची जी यादी त्यांनी दिली, तिच्यात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन आहे, हिशेब आहे, थोडा इतिहास-भूगोल आहे, आणि शेतीची प्राथमिक माहितीही आहे. नुसती पुस्तकी नको, छोटी नमुना शेतं असावीत आणि तिथं मुलांना हातानं काम करून शिकता यावं, असंही त्यांनी सुचवलं. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला.

यादी पुन्हा वाचा. मोडी आणि हिशेब यांच्या जोडीला शेती आहे, त्यांच्याऐवजी नाही. सावकाराचा कागद वाचता आला पाहिजे आणि बियाणंही ओळखता आलं पाहिजे. दोन्ही एकाच पोराला. हे ‘जोडीला की ऐवजी’ पुढच्या सगळ्या गोष्टीत येत राहणार आहे, म्हणून इथंच लक्षात ठेवा.

सरकार मात्र वेगळ्या कारणाने शेतीशिक्षणाकडे आलं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात माणसं लाखांनी मेली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती शेतकी खाती उभी राहायला लागली. पुण्याच्या कॉलेजात १८७९ पासूनच शेतीचा वर्ग सुरू झाला होता. मग १८८९ मध्ये सरकारने विलायतेहून डॉ. व्होल्कर नावाच्या कृषी-रसायनशास्त्रज्ञाला बोलावलं. म्हटलं, बाबा रे, हिंदुस्थानची शेती सुधारायची कशी ते सांग.

हा गृहस्थ देशभर फिरला, आणि १८९३ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. त्यात त्याने जे लिहिलं ते साहेबांना अपेक्षित नसावं. त्याचं म्हणणं असं की इथला शेतकरी मागासलेला आहे ही समजूत चूक आहे. चांगल्या भागातला कास्तकार विलायतेतल्या सर्वसाधारण शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतीत वरचढ आहे. कमी आहे ती साधनांची: पाणी, खत, भांडवल.

म्हणजे बघा, किन्हीराजाच्या बाबांच्या बाजूने थेट व्होल्कर साहेब उभे आहेत. डवरणी कधी करायची, वाफसा कसा ओळखायचा, हे शेतातच येतं. मग शाळेनं शिकवायचं काय?

याचं उत्तर न देताच पुढच्या संस्था उघडल्या. १९०६ मध्ये नागपूरला कृषी महाविद्यालय आलं, पाठोपाठ पुण्याच्या वर्गाचंही स्वतंत्र कृषी महाविद्यालय झालं. वऱ्हाडातल्या मुलाला नागपूर जवळचं. पण तिथलं शिक्षण इंग्रजीतून, आणि बाहेर पडणारा बहुतेक शेतकी खात्यात नोकरीला लागायचा. यात वाईट काही नाही. खात्याला माणसं लागतातच. फक्त तो मुलगा शेतीवर परत येत नव्हता, आणि गावात राहणाऱ्या मुलासाठी तिथं जागाच नव्हती.

ती उणीव भरायला मुंबई इलाख्यात एक प्रयोग झाला. पुण्याजवळ लोणीला मराठीतून चालणारी शेतकी शाळा. शेतकऱ्यांची चौदा-पंधराच्या पुढची मुलं, दोन वर्षांचा अभ्यास, राहणं-जेवण-शिक्षण सगळं मोफत, आणि शेतावर प्रत्यक्ष काम. त्या काळात इलाख्याच्या शेतीशिक्षणावर डॉ. हॅरॉल्ड मान या माणसाची छाप होती. हे १९०७ पासून पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य, नंतर शेतकी खात्याचे संचालक.

मान साहेबांबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण माणूस भारी होता. त्यांनी पुण्याजवळच्या एका खेड्याची घरोघर पाहणी केली आणि १९१७ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली. जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, कुठलं घर शेतीवर जगू शकतं. निष्कर्ष जड होता: जमिनीचे इतके तुकडे आणि डोक्यावर इतकं कर्ज की बहुतेक घरांना फक्त शेतीवर भागत नाही. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर! आज तिथं मॉल आहेत आणि आयटीवाल्यांचे फ्लॅट आहेत.

विषयांतर वाटलं तरी मुद्दा तोच आहे. मुलाला उत्तम शेती शिकवली आणि वाट्याला दीड एकर, तीन तुकड्यांत, आली तर? शिक्षण कितीही चांगलं असो, ते जमीन वाढवत नाही. हे शाळा काढणाऱ्या माणसालाच शंभर वर्षांपूर्वी दिसत होतं.

मग १९२६ मध्ये शेतीचं रॉयल कमिशन आलं. अध्यक्ष लॉर्ड लिनलिथगो, जे पुढे व्हाइसरॉय झाले. १९२८ च्या त्यांच्या अहवालात खेड्यातल्या शेतीशिक्षणाचे दोन नमुने समोरासमोर ठेवले आहेत. एक लोणीचा: स्वतंत्र शेतकी शाळा. दुसरा पंजाबचा: तिकडे नेहमीच्याच मराठी... चुकलो, तिकडची उर्दू... थोडक्यात देशी भाषेतल्या नेहमीच्याच मिडल स्कूलमध्ये शेती हा एक विषय, शाळेला जोडून छोटं शेत किंवा बाग, आणि शिकवणारा मास्तर खास प्रशिक्षण घेतलेला. मुलगा बाकीचे विषय शिकतोच, शिवाय शेती. (ऑडिओत मी इथं अडखळलो होतो, तसंच ठेवलंय.)

कमिशनने कौल दिला पंजाबच्या बाजूने. लोणीसारख्या शाळेला खर्च फार आणि मुलं मोजकी. फुल्यांचं ‘जोडीला’ आठवतंय? कमिशनने वेगळ्या वाटेने जाऊन तीच गोष्ट उचलली.

साधारण याच काळात अमेरिकेत काय चाललं होतं तेही ऐका. मॅसॅच्युसेट्स राज्यात रुफस स्टिमसन नावाच्या मुख्याध्यापकाने १९०८ च्या सुमारास साधी युक्ती काढली. शाळेनं शेत विकत घ्यायचंच नाही. मुलाने स्वतःच्या घरच्या शेतातला एक तुकडा किंवा चार कोंबड्या, एक गाय, आपल्या नावावर मागून घ्यायची. खर्च-उत्पन्न वहीत लिहायचं. मास्तरने त्याच्या घरी जाऊन काम बघायचं, आणि त्याच वहीवर वर्गात धडा घ्यायचा. १९१७ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने कायदा करून शाळेतल्या शेतीशिक्षणाला पैसा दिला आणि ही पद्धत देशभर गेली. साधी वही. पण त्या वहीमुळे बापाला पहिल्यांदा कळायचं की आपल्या कोंबड्या तोट्यात चालल्यात.

परत इकडे येऊ. सरकारी योजनांच्या बाहेर एक माणूस साताऱ्यात काम करत होता. कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था, मग साताऱ्याचं वसतिगृह, सगळ्या जातींची मुलं एकत्र. ही मुलं शेतात राबायची, स्वतःचं धान्य-भाजी काढायची, आणि शिकायची. ‘कमवा आणि शिका’. पण एक फरक ध्यानात घ्या. भाऊरावांच्या मुलांना शेतकरी करण्यासाठी शेतात घातलं नव्हतं. शिक्षणाचा खर्च निघावा आणि कष्टाची लाज जावी म्हणून घातलं होतं. तिथून मुलं वकील झाली, मास्तर झाली, साहेब झाली. शेत हे साधन होतं. म्हणून आई-बापांनाही त्या कुदळीची भीती वाटली नाही, कारण कुदळीच्या पलीकडे दार उघडं दिसत होतं.

आता येतो तो भाग, जो थेट किन्हीराजाच्या प्रांताचा आहे आणि ज्याच्याबद्दल विदर्भातल्या मुलांनाही फारसं माहीत नसतं.

१९३७. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल, वर्षभरात तेच मुख्यमंत्री झाले. तिजोरीत पैसा नाही आणि शाळा तर हजारो गावांत नाहीत. शुक्लांनी योजना काढली: विद्यामंदिर. गावातल्या दानशूरांनी शाळेच्या नावे जमीन द्यायची. त्या जमिनीच्या उत्पन्नातून मास्तरचा पगार निघायचा. मास्तर गावातच राहणार, शाळा आणि शेत एकमेकांना धरून. वर्ध्याला विद्यामंदिरच्या मास्तरांसाठी प्रशिक्षण शाळा निघाली, १९३८ मध्ये तिच्या उद्घाटनाला स्वतः गांधीजी होते.

कल्पना ऐकायला सुंदर. पण जरा वाशिमच्या पट्ट्यात ठेवून बघा. पाऊस दडी मारून बसला तर मास्तरचा पगार कुठून? कपाशीचे भाव पडले तर खडू कोण आणणार? आणि दान म्हणून कुणी गावातली सगळ्यात चांगली जमीन देतो का हो? योजनेच्या नावावरूनही मोठा वाद पेटला. ‘मंदिर’ या शब्दाला मुस्लिम लीगने कडाडून विरोध केला. १९३९ च्या नोव्हेंबरात, महायुद्धाच्या प्रश्नावर, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विद्यामंदिर मागे पडलं.

त्याच वर्ध्यात, त्याच काळात, दुसरी मोठी गोष्ट घडत होती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून झाकिर हुसेन समिती नेमली गेली, आणि आज आपण जिला नई तालीम म्हणतो तिचा आराखडा दोनेक महिन्यांत तयार झाला. सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि सगळं एका हस्तोद्योगाभोवती. कताई-विणकाम, सुतारकाम, किंवा शेती.

समितीचं वेळापत्रक बघितलं की आजही माणूस चमकतो. दिवसाच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटं. अर्थात त्यांचं म्हणणं असं की गणित वेगळं शिकवायचंच नाही, ते वाफ्याच्या मापातून आणि बियाण्याच्या वजनातून यायला हवं. चांगला मास्तर असेल तर हे जमतंही. सेवाग्रामला जमलं. आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने तिथं जे उभं केलं त्याचं वर्णन वाचलं तर त्या शाळेत बसावंसं वाटतं.

पण परिषदेतच एक माणूस उठून बोलला होता. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा. मुलांच्या कामातून मास्तरचा पगार निघावा या कल्पनेलाच त्यांचा विरोध होता. मुलं कमावती झाली की शाळेचा कारखाना होणार, आणि शाळेत बनलेला माल गावच्या कारागिराच्या पोटावर येणार. मला विचाराल तर शहांचा मुद्दा बरोबर होता, आणि तो शेतीला कताईपेक्षाही जास्त लागू आहे. मालावर पगार अवलंबून असला की मास्तर मुलाला चूक करू देणार नाही. आणि चूक करू दिली नाही तर शिकणं कसलं? ज्या वाफ्यात पीक बुडालं तोच खरा धडा असतो.

शिवाय दुसरी अडचण होती, ती कागदावर कुठे लिहिलेली सापडत नाही, पण गावात कुणालाही विचारा. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेतमजुरी झाली त्यांनी पोर शाळेत घातलं ते या मातीतून बाहेर काढायला. आणि शाळेनं त्याच्या हातात पुन्हा विळा दिला. शहरातल्या शाळेत मात्र बीजगणित चालू. मग बाप म्हणणारच ना, की हे शिक्षण फक्त आमच्याच पोरांना का?

स्वातंत्र्यानंतर गाडी दुसऱ्या रुळावर गेली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय माध्यमिक शाळा सुचवल्या, त्यातल्या विषयगटांत शेतीही होती. दिल्लीत कृषिमंत्री होते आपले पंजाबराव देशमुख. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, १९५२ ते ६२ सलग दहा वर्षं मंत्री. त्याआधी १९३० च्या सुमारास याच प्रांताचे शिक्षणमंत्री राहिलेले, आणि श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक. शेती आणि शाळा, दोन्ही खाती ज्याने आतून पाहिली असा हा माणूस. १९५९ च्या डिसेंबरात त्यांनी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, तेव्हा उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते.

पंजाबराव १९६५ मध्ये गेले. त्यानंतर विदर्भात कृषी विद्यापीठ कुठे होणार यावरून वणवा पेटला. १९६७ मध्ये अकोल्यात विद्यापीठाच्या मागणीसाठी आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली. आज अकोल्याला कृषीच्या ॲडमिशनसाठी रांगेत उभं राहताना कुणाच्या मनातही येत नाही की या विद्यापीठासाठी रस्त्यावर रक्त सांडलंय. २० ऑक्टोबर १९६९ ला विद्यापीठ स्थापन झालं, पंजाबरावांच्याच नावाने.

आणि नेमक्या याच दशकात शाळेतल्या शेतीला मोठा धक्का बसला. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने साफ म्हटलं की प्राथमिक आणि खालच्या माध्यमिक स्तरावर मुलांना शेतीचा धंदा शिकवायचे प्रयत्न फसलेले आहेत, ते आता थांबवावेत. त्याऐवजी शेतीची तंत्रनिकेतनं काढा, आणि शाळेत सगळ्याच मुलांना कामाचा अनुभव द्या. शहरातल्या आणि खेड्यातल्याही. म्हणजे शेती वर विद्यापीठात गेली, आणि शाळेत उरला तो कार्यानुभव.

कार्यानुभव! नाव काढलं तरी हसू येतं ना? माझ्या शाळेत कार्यानुभव म्हणजे कागदी फुलं. आणि एक फाइल, जी दुकानात सजवून तयार मिळायची. आमच्या शाळेला मागे चांगली पाऊण एकर मोकळी जागा होती. आठ वर्षांत तिथं आम्ही एकदा गवत काढलं, ते सुद्धा पाहुणे येणार होते म्हणून. मार्क मात्र सगळ्यांना छान पडले. आयोगाने मागितला होता अनुभव, आमच्यापर्यंत पोचली ग्रेड.

इथं गोष्ट संपली असती. पण १९८३ मध्ये पाबळला एक साठीकडे झुकलेला माणूस येऊन राहिला.

डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएचडी, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर. निवृत्त झाले आणि बायकोसह पुणे जिल्ह्यातल्या या दुष्काळी गावात आले. तिथं त्यांनी विज्ञान आश्रम काढला. भारतीय शिक्षण संस्थेच्या, म्हणजे जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या संस्थेच्या छत्राखाली. (हे जे. पी. नाईक म्हणजे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. धागा कसा जुळतो बघा.)

कलबागांनी जुन्या योजनांच्या चुका एकेक करून टाळल्यासारखं वाटतं. वेगळी शेतकी शाळा नाही. गावातल्या नेहमीच्याच हायस्कुलात, आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस. त्या दिवशी मुलं वेल्डिंग करणार, वायरिंग करणार, रक्तगट तपासायला शिकणार, माती तपासणार, रोपवाटिका आणि जनावरं सांभाळणार. शेती आहे, पण एकटी नाही. मुलगी असो की मुलगा, सगळ्यांना सगळं. शिकवायला गावातले कारागीर आणि तरुण, ज्यांचा हात चालतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काम खरं. गावातल्या कुणाचं तरी, पैसे घेऊन. शेतकऱ्याची माती तपासायची तर त्याला अहवाल द्यायचा, आणि तो चुकला तर शेतकरी येऊन भांडणार. गिऱ्हाईक समोर असलं की कागदी फुलं चालत नाहीत. पण त्या पैशावर मास्तरचा पगार टांगलेला नाही, त्यामुळे के. टी. शहांची भीतीही नाही.

मग लागला तो निर्णायक खिळा. १९८७ मध्ये ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने महाराष्ट्राच्या एसएससी बोर्डाने हा विषय मान्य केला. इंग्रजीत आयबीटी. म्हणजे त्याचे मार्क दहावीच्या गुणपत्रिकेवर, गणित-विज्ञानाच्या रांगेत. इथं पहिल्यांदा घरच्या माणसाची शंका मिटायची सोय झाली. पोरगं चिखलात हात घालतंय, पण त्याची दहावी चुकत नाहीये आणि पुढचं दार बंद होत नाहीये.

पाबळला पुढे बरंच काही झालं. जुन्या जीपच्या भागांतून छोटा ट्रॅक्टर झाला, त्याला मेकबुल म्हणायचे. एमआयटीच्या कल्पनेतली फॅब लॅब अमेरिकेबाहेर पहिल्यांदा कुठे आली? २००२ मध्ये, पाबळला. कलबाग २००३ मध्ये गेले. त्यांचा अभ्यासक्रम मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स या नावाने आणखी शाळांत गेला. हा विषय गावोगाव पोचला असं म्हणणं मात्र खोटं होईल. कारण त्याला जागा लागते, हत्यारं लागतात, आणि फावडं धरणारा शिक्षक लागतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महाग.

आताचं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सहावीपासून कामाची ओळख आणि वर्षात दहा दिवस दप्तराविना म्हणतं. नववी-दहावीला शेतीचे कौशल्य विषय आहेत. त्यातल्या एकाचं नाव सोलॅनेशियस क्रॉप कल्टिव्हेटर. घाबरू नका, वांगी-टोमॅटो-मिरची-बटाट्याचं कुळ. जिल्हा परिषदेच्या शाळांत परसबागा होतायत, त्यातली मेथी-पालक पोषण आहाराच्या भाजीत पडते. छान आहे. फक्त एक गोष्ट मला खटकते, आणि ती जुन्या कुठल्याच आयोगाने सोडवली नाही: वेळापत्रक.

विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा जूनअखेरीस भरतात. तोवर बियाणं निवडून, घरचं तपासून, खत भरून झालेलं असतं. पाऊस वेळेवर आला तर पेरणीही उरकलेली. सोयाबीनची सोंगणी आली की सहामाही परीक्षा, आणि दिवाळीच्या सुट्टीत मळणी, तुरीची फवारणी. म्हणजे शेतातला शिकण्यासारखा प्रत्येक दिवस हा एकतर सुट्टीचा नाहीतर पेपरचा. शाळा चालू असते तेव्हा पीक नुसतं वाढत असतं. शेती शिकवणारी शाळा तिच्या हंगामात भरायला नको का?

तर किन्हीराजाच्या भावा, तुझ्याकडे येतो.

मार्ग तसे सरळ आहेत. दहावीनंतर मराठीतून कृषी पदविका करता येते, कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत. बारावी सायन्स करून सीईटी दिलीस तर बीएस्सी ॲग्री, चार वर्षं. त्यात शेवटच्या वर्षाला ‘रावे’ म्हणून गावात राहून काम करावं लागतं. तुमच्याकडे कृषीदूत, कृषीकन्या येतात ना, माती परीक्षणाचं प्रात्यक्षिक दाखवून बॅनरसमोर फोटो काढतात, ते तेच. त्यांच्याशी फोटोच्या आधी बोल. त्यातले किती जण शेती करणार आहेत, किती स्पर्धा परीक्षा देणार आहेत, विचार. खरं सांगतील. तुमच्या जिल्ह्यात रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं एकदा जाऊन ये.

पण त्याआधी बाबांचा पहिला प्रश्न. धुऱ्यावर उभं राहून जे येत नाही असं काही आहे का? आहे, आणि ते घरीच करून बघता येतं. मे महिन्यात घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून न निवडता शंभर दाणे मोज. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहाच्या रांगा मांड, वरून दुसरा ओला तुकडा टाक, गुंडाळी करून सावलीत ठेव, रोज पाणी शिंपड. सहा-सात दिवसांनी उघड. चांगले कोंब किती ते मोज. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं नेहमीच्या प्रमाणात पेरता येईल. साठ-पासष्ट आले तर बियाणं वाढवावं लागेल, आणि त्याहून कमी असेल तर ते पोतं पेरायचंच नाही.

बाबांना आकडा सांग. नुसता आकडा, भाषण नको.

मग दोन गुंठे माग. तुझ्या नावाचे. तिथं काय लावायचं ते तू ठरव, बियाण्यापासून मजुरीपर्यंत सगळं वहीत लिही. स्वतःची मजुरी धरायला विसरू नको, ती सगळेच विसरतात. दिवाळीनंतर वहीचा फोटो पाठव, नफा असो की तोटा. तोटा असेल तर आवर्जून पाठव, तुझी परवानगी असेल तर त्यावर आपण पुढचा भाग करू.

आणि ती व्हॉइस नोट संपताना मागून बाबाच हाक मारत होते बहुतेक. पहिले जाऊन ये त्यांच्याकडे.